आरसी गाडीचे स्क्रू: कोणत्या भोकात स्टेनलेस, कोणत्या भोकात कडक पोलाद

रिमोटवर चालणारी आरसी गाडी पावसात दोन वेळा पळवली आणि आठवडाभर तशीच ठेवली, की तिच्या तळाच्या काळ्या स्क्रूंच्या डोक्यांत तांबूस गंज दिसू लागतो. तो पाहिल्यावर बहुतेकांना वाटते की सगळे स्क्रू काढावेत आणि त्यांच्या जागी चकचकीत स्टेनलेसचा संच बसवून मोकळे व्हावे. माझ्या पहिल्या एक-दशांश मापाच्या बगीत (कच्च्या रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत) मीही हेच केले होते. पुढच्याच महिन्यात पिनियनचा, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाचा, ग्रब स्क्रू (डोके नसलेला स्क्रू) सोडवताना त्याची षटकोनी खाच आतून गोल झाली, पिनियन मोटरच्या दांड्यावर अडकून बसले आणि अखेर ते कापून काढावे लागले. त्या स्क्रूला कधी गंज लागला नसता, हे खरे. पण त्या जागी गंजापेक्षा मोठा धोका खाच झिजण्याचा होता आणि तो मी विचारातच घेतला नव्हता.

म्हणून या लेखाची दिशा सुरुवातीलाच सांगतो. ‘स्टेनलेस चांगले की कडक पोलाद चांगले’ हा प्रश्न अख्ख्या गाडीला विचारू नये, तो एकेका भोकाला विचारावा. स्क्रू कशात बसतो, त्याच्यावर कोणत्या दिशेने जोर येतो आणि तिथपर्यंत पाणी किती पोहोचते, या तीन गोष्टी कळल्या की निवड जवळजवळ आपोआप होते. तसे केल्यावर एकाच गाडीत दोन्ही प्रकारचे स्क्रू येतात, आणि तसेच यायला हवेत.

दोन धातूंचे आकडे

बाजारात ‘हाय टेन्साइल’ किंवा नुसते ‘एचटी’ म्हणून मिळणारे काळे ॲलन, म्हणजे षटकोनी खाचेचे, स्क्रू हे मिश्र पोलादाचे असतात. ते तापवून, विझवून आणि पुन्हा बेताने तापवून कडक केलेले असतात. आरसी गाड्यांत येणारा त्यांचा सर्वांत प्रचलित दर्जा १२.९ होय. या आकड्यातच माहिती दडलेली आहे. पहिल्या भागाला १०० ने गुणले की तुटण्याची ताकद मिळते, म्हणजे १२०० मेगापास्कल. आणि दशांश चिन्हानंतरचा ९ सांगतो की त्यातल्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०८० मेगापास्कलपर्यंत, स्क्रू कायमचा ताणला जात नाही. याच हिशेबाने ८.८ आणि १०.९ हे खालचे दर्जे वाचता येतात.

स्टेनलेसची पद्धत वेगळी आहे. ए२-७० असे लिहिलेले असेल तर ए२ हा धातूचा गट असतो. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि बाजारात त्याला ‘तीनशे चार’ म्हणतात. ७० म्हणजे तुटण्याची ताकद ७०० मेगापास्कल. मात्र हा स्क्रू कायमचा ताणला जायला ४५० मेगापास्कलपासूनच सुरुवात होते. या गटातले स्टेनलेस तापवून आणि विझवून कडक होत नाही. थंड अवस्थेत ओढल्याने आणि दाबल्यानेच त्याला थोडाफार कडकपणा येतो.

आपल्या गाड्यांतल्या नेहमीच्या ३ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे एम३, स्क्रूवर हे आकडे लावून पाहू. त्याच्या आट्यांच्या गाभ्याचे हिशेबाचे क्षेत्रफळ ५.०३ चौरस मिलिमीटर धरतात. त्यावरून १२.९ दर्जाचा एम३ स्क्रू सरळ ओढीत साधारण ६०० किलोच्या पुढे तुटतो, तर ए२-७० चा ३६० किलोच्या आसपास. त्याहून महत्त्वाचा फरक कायमचा ताण बसण्याच्या मर्यादेत आहे. तिथे कडक पोलाद साडेपाचशे किलोपर्यंत टिकते आणि स्टेनलेस २३० किलोलाच हार मानते. दैनंदिन वापरात स्क्रू तुटण्याचे प्रसंग कमीच. वाकण्याचे आणि खाच झिजण्याचे प्रसंग कितीतरी अधिक. त्यामुळे हा दुसरा आकडा मी अधिक मोलाचा मानतो.

पहिली पायरी: गाडी उलटी करून नोंद करणे

नवे स्क्रू मागवण्याआधी एक संध्याकाळ नोंदीसाठी द्यावी. गाडीच्या माहितीपत्रकात स्क्रूंची मापे असतात, तरीही व्हर्निअर कॅलिपरने प्रत्येक जागेचा एक स्क्रू मोजून पाहावा, कारण जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवले असेल याचा भरवसा नसतो. लांबी मोजताना सपाट बसणाऱ्या, म्हणजे बाजारातल्या भाषेत ‘सीएसके’, स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, आणि बाकीच्यांची डोक्याखालून. हा नियम विसरला की मागवलेला माल दोन-तीन मिलिमीटरने चुकतो.

नोंदवहीत प्रत्येक स्क्रूपुढे तीन रकाने करावेत: तो कशात बसतो, त्याच्यावर जोर कसा येतो, आणि पाणी. पुढचा सगळा निर्णय याच तीन रकान्यांवर होणार आहे.

नोंद करताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. काही जुन्या अमेरिकी गाड्यांत इंची मापाचे स्क्रू असतात. त्यातला ४-४० हा प्रकार २.८४ मिलिमीटर व्यासाचा, दिसायला एम३ सारखा, पण आटे पूर्णपणे वेगळे. एम३ तिथे जबरदस्तीने घुसवला तर ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात. दुसरी गोष्ट टामिया या जपानी कंपनीच्या गाड्यांची. टीटी-०२ सारख्या प्लास्टिक चॅसीच्या (तळाच्या सांगाड्याच्या) गाडीत बहुतेक स्क्रू ३ मिलिमीटरचे, स्वतः आटे पाडत जाणारे आणि अधिक चिन्हाच्या खाचेचे असतात. ती खाच जपानी मानकाची आहे, आणि साध्या फिलिप्स पेचकसाचे टोक तिच्यात पूर्ण खोल बसत नाही. असे स्क्रू झिजतात तेव्हा दोष धातूला दिला जातो, पण पुष्कळदा चूक पेचकसाची असते.

दुसरी पायरी: स्क्रू कशात बसतो?

माझ्या मते तिन्ही प्रश्नांतला हा सर्वांत निर्णायक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

स्क्रू प्लास्टिकमध्ये बसत असेल, तर त्या जोडाची ताकद प्लास्टिकच्या आट्यांइतकीच असते. नायलॉनमध्ये, अगदी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनमध्येसुद्धा, एम३ स्क्रू ओढला तर स्क्रूला काही होण्याच्या कितीतरी आधी प्लास्टिकचे आटे उपटून येतात. अशा ठिकाणी ६०० किलोचा स्क्रू बसवून ३६० किलोच्या स्क्रूपेक्षा काहीही अधिक पदरात पडत नाही. इथे घट्ट करण्याचा जोरही थोडाच लागतो, त्यामुळे खाच झिजण्याची भीती कमी असते. मग उरतो तो फक्त गंजाचा प्रश्न, आणि त्यात स्टेनलेस सरळ जिंकते. बॅटरीची पट्टी, रिसिव्हरची डबी, बॉडीचे खांब, मागचा पंख, सर्व्होचे (चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरचे) टेकू, गिअरबॉक्सची प्लास्टिकची झाकणे या सगळ्या जागी मी डोळे मिटून स्टेनलेस वापरतो.

मात्र प्लास्टिकमध्ये धातूपेक्षा आट्यांचा प्रकार अधिक सांभाळावा लागतो. स्वतः आटे पाडणाऱ्या स्क्रूचे आटे विरळ आणि उंच असतात, तर एम३ यंत्र-स्क्रूचे आटे ०.५ मिलिमीटर अंतरावर, दाट असतात. ज्या भोकात विरळ आट्यांचा स्क्रू एकदा बसून गेला आहे, तिथे दाट आट्यांचा स्टेनलेस स्क्रू घातला, की जुन्या आट्यांवर नवे आटे तिरके कापले जातात आणि भोक दोन-तीन वेळांतच सैल होते. गाडी कोरी असेल आणि भोके अजून वापरली नसतील, तर पहिल्यापासून यंत्र-स्क्रू बसवण्यास हरकत नाही. एरवी जो प्रकार होता तोच, फक्त स्टेनलेसमध्ये, घ्यावा.

स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसत असेल तर चित्र बदलते. आता आटे धातूचे आहेत, जोड खऱ्या अर्थाने घट्ट आवळता येतो आणि कंपनाने तो सुटू नये यासाठी आवळावाही लागतो. त्यामुळे खाचेवर जोर येतो आणि कडक पोलादाचा फायदा दिसू लागतो. ॲल्युमिनियममध्ये स्क्रूच्या व्यासाच्या दुप्पट लांबी आत गेली पाहिजे, असा साधा नियम धरावा. एम३ साठी ६ मिलिमीटर. पोलादात व्यासाइतकी किंवा दीडपट लांबी पुरते, प्लास्टिकमध्ये मात्र दुपटीहून अधिक असलेली बरी. ६ मिलिमीटर हवेत तिथे ३ मिलिमीटरच आत जाणारा स्क्रू कितीही उत्तम पोलादाचा असला, तरी पहिल्या जोराच्या उडीत आटे घेऊन बाहेर येतो.

तिसरी शक्यता आरपार भोकातून जाऊन नटात बसणाऱ्या स्क्रूची. इथे एक सापळा आहे, आणि त्यात चांगले अनुभवी लोकही अडकतात. स्टेनलेसच्या स्क्रूवर स्टेनलेसचा नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज न सुटणारा) वेगाने चढवला, तर घर्षणाने तापून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना अक्षरशः चिकटतात आणि नट मध्येच असा जाम होतो की ना पुढे जातो ना मागे येतो; शेवटी स्क्रू पिळून तुटतो. स्टेनलेसवरच्या क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर घासून निघाला, की खालचा उघडा धातू उघड्या धातूला धरतो, हे त्यामागचे कारण. म्हणून स्टेनलेस स्क्रूला जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी नायलॉक नट वापरावा, किंवा आट्यांना ग्रीसचे बोट लावून नट हातानेच, सावकाश चढवावा.

तिसरी पायरी: जोर कोणत्या दिशेने येतो?

स्क्रूचे मूळ काम दोन भाग एकमेकांवर दाबून धरणे हे आहे. पण आरसी गाडीत अनेक स्क्रू खिळ्याचे, धुरीचे आणि खांबाचेही काम करतात. शॉकचे, म्हणजे धक्के शोषणाऱ्या दांड्याचे, वरचे टोक ज्या स्क्रूवर झुलते, तो एका टोकाला पकडलेला आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येक उडीत वाकवला जाणारा असतो. सस्पेन्शन आर्म ज्या स्क्रू-पिनवर फिरतो ती पिन, स्टीअरिंगच्या नकलची (पुढचे चाक धरून वळणाऱ्या भागाची) किंगपिन, बॉल स्टड (गोळीसारख्या डोक्याचा स्क्रू), ड्राइव्हशाफ्टची पिन धरून ठेवणारा छोटा ग्रब स्क्रू, हे सगळे याच जातीचे. इथे स्टेनलेस बसवले तर ते तुटत नाही, वाकते. आणि वाकलेली पिन आर्मच्या भोकातून बाहेर काढताना आर्मही हातचा जातो. या जागांवर १२.९ दर्जाशिवाय दुसरे काही घेऊ नये, आणि मूळ पिन गुळगुळीत दांड्याची असेल तर तिच्या जागी पूर्ण आट्यांचा स्क्रू घालू नये. आटे कानशीसारखे काम करून भोक मोठे करतात, शिवाय आट्यांच्या तळाशी स्क्रूचा व्यासही कमी असतो.

कडक स्क्रू ठिसूळ असतो आणि धडकेत काचेसारखा फुटतो, असे पुष्कळदा ऐकू येते. १२.९ दर्जाच्या पोलादालाही तुटण्यापूर्वी किमान ८ टक्के लांबायला हवे, अशी मानकाची अट आहे. म्हणजे तो काच नव्हे. तरीही तो स्टेनलेसइतका वाकून ऊर्जा शोषत नाही, हे खरे आहे. त्यामुळे पुढच्या बंपरसारख्या, आधी स्वस्त भागाने वाकावे अशी इच्छा असलेल्या जागी मी मुद्दाम स्टेनलेस ठेवतो.

आता पिनियनचा ग्रब स्क्रू. लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ती हीच असावी. कडक पोलादी ग्रब स्क्रूचा प्रचलित दर्जा ‘४५ एच’ आहे, म्हणजे विकर्स मोजणीत किमान ४५० कडकपणा. स्टेनलेस ग्रब स्क्रूचा प्रचलित दर्जा ‘२१ एच’, म्हणजे २१०. कडकपणात दुपटीहून अधिक तफावत आहे. या स्क्रूला मोटरच्या कडक दांड्यावरच्या सपाट भागावर टोकाने घट्ट टेकायचे असते, आणि त्याची खाच अगदी लहान असते: एम३ ग्रबला १.५ मिलिमीटरची ॲलन की, एम४ ला २ आणि एक-अष्टमांश मापाच्या इलेक्ट्रिक बगीत येणाऱ्या एम५ ला २.५. एवढ्याशा खाचेतून पूर्ण जोर द्यायचा आणि तो थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारे चिकट द्रव) लावलेला पुन्हा सोडवायचाही, हे काम मऊ धातूचे नाही. पिनियन दांड्यावर सरकवताना ग्रब स्क्रू सपाट भागाच्या बरोबर समोर आला आहे ना, हे पाहावे आणि दोन-चार वेळा काढला-घातला की तो टाकून नवा घ्यावा.

मोटर धरणाऱ्या स्क्रूंचाही इथेच विचार करतो. ५४० मापाच्या मोटरच्या तोंडावर २५ मिलिमीटर अंतरावर एम३ ची भोके असतात. गिअरच्या दात्यांची पकड जुळवण्यासाठी हे स्क्रू वारंवार सैल-घट्ट करावे लागतात, म्हणून इथे कडक पोलादाचा, शक्य तर उंच गोल डोक्याचा स्क्रू वॉशरसह वापरावा. लांबी मात्र मोजून घ्यावी: मोटर माउंटची आणि वॉशरची जाडी, अधिक मोटरच्या आत ३ ते ४ मिलिमीटर; आणि मोटरच्या पत्रकात दिलेली कमाल खोली ओलांडू नये. लांब स्क्रू आत जाऊन तारांच्या वेटोळ्याला टेकला, तर नवी मोटर पहिल्याच दिवशी जळते.

चौथी पायरी: पाणी, चिखल आणि मीठ

काळ्या स्क्रूवरचा काळा रंग म्हणजे गंजरोधक लेप, हा गैरसमज आहे. तो ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याचा उपयोग मुख्यतः तेल धरून ठेवण्यापुरता. तेल धुऊन गेले की जून-जुलैच्या दमट हवेत दोन दिवसांत गंज चढतो. पण हा गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. तो स्क्रूची ताकद एका पावसाळ्यात खात नाही. खरे नुकसान होते ते खाचेत साचलेल्या गंजाने, कारण मग किल्ली खोल बसत नाही आणि खाच गोल होते.

म्हणून जिथे कडक पोलाद अटळ आहे तिथे काळजी घ्यावी. गाडी धुतल्यावर हवेच्या झोताने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने ती पूर्ण कोरडी करावी, स्क्रूंच्या डोक्यांवर पातळ तेलाचा हलका फवारा मारून पुसून घ्यावा, आणि तळाच्या स्क्रूंच्या खाचांत ग्रीस भरून ठेवावे. ग्रीसमुळे चिखल आत दाबून बसत नाही, हा त्याचा दुसरा लाभ. ॲल्युमिनियमच्या चॅसीखालचे सीएसके स्क्रू जमिनीवर सतत घासत असतात. तिथे स्टेनलेस लावण्याचा मोह होतो, पण मी कडक पोलादच ठेवतो आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर ते सगळे बदलतो. तपकिरी झालेले डोके सहन करता येते, खाच गेलेला स्क्रू करता येत नाही.

गंज काढण्यासाठी १२.९ दर्जाचे स्क्रू व्हिनेगरमध्ये किंवा कोणत्याही आम्लात कधीही भिजत घालू नयेत. आम्लाच्या क्रियेतून सुटणारा हायड्रोजन इतक्या कडक पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. असा स्क्रू बसवताना व्यवस्थित आवळला जातो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी कोणताही धक्का न लागता डोक्याखाली तुटतो. याच कारणाने असे स्क्रू गल्लीतल्या मुलामा देणाऱ्याकडून जस्त चढवून घेऊ नयेत; मुलाम्यानंतर हायड्रोजन घालवण्यासाठी ते लगेच कित्येक तास भट्टीत तापवावे लागतात, आणि ते केले की नाही हे आपल्याला पाहून कळत नाही. गंजलेला एम३ स्क्रू फेकून नवा घेणे हेच शहाणपणाचे आणि स्वस्तही.

समुद्रकिनाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. अलिबाग-नागावची ओली, दाबलेली वाळू गाडी पळवायला फार सुंदर, पण खाऱ्या पाण्यातले क्लोराइड ए२ स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडते. किनाऱ्यावर नेहमी जाणाऱ्यांनी ए४, म्हणजे ‘तीनशे सोळा’, घ्यावे. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच क्लोराइडला तोंड देते. दुसरा धोका स्क्रूपेक्षा त्याच्या भोवतालच्या ॲल्युमिनियमला असतो. खारट ओलाव्यात स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि स्क्रू जाम होतो. स्क्रू लहान आणि ॲल्युमिनियमचा भाग मोठा असल्याने ही झीज सावकाश होते, इतकाच दिलासा. आट्यांना ग्रीस किंवा थ्रेडलॉक लावल्याने दोन धातूंमध्ये पाणी शिरत नाही. घरी आल्यावर, त्याच संध्याकाळी, गाडी गोड्या पाण्याने धुणे मात्र कोणत्याही स्क्रूने टळत नाही.

कार्बन फायबरच्या चॅसीच्या टूरिंग गाड्या गालिच्यावर किंवा कोरड्या डांबरावर धावतात. त्यांना काळे कडक स्क्रू पुरेसे आहेत आणि या चौथ्या पायरीची त्यांना फारशी गरज नाही.

पाचवी पायरी: डोके आणि किल्ली

एकाच एम३ स्क्रूच्या खाचेचे माप डोक्याप्रमाणे बदलते. उंच गोल डोक्याच्या साध्या ॲलन स्क्रूला २.५ मिलिमीटरची किल्ली लागते, तर बटण डोक्याच्या आणि सीएसके स्क्रूला २ मिलिमीटरची. एम४ मध्ये हेच अनुक्रमे ३ आणि २.५ होते. बटण आणि सीएसके डोक्यांची खाच उथळही असते, त्यामुळे ती झिजण्याची शक्यता दुहेरी. जागा असेल तिथे उंच गोल डोके निवडावे. आणि नाइलाजाने बटण किंवा सीएसके घ्यावे लागले, शिवाय जोड धातूतला असला, तर तिथे स्टेनलेस टाळावे. सर्वांत झिजरा स्क्रू म्हणजे एम३ चा स्टेनलेस बटण-डोक्याचा, आणि बाजारातल्या आकर्षक संचांत नेमकी त्याचीच गर्दी असते.

किल्ली चांगली नसेल तर वरचा सगळा विचार व्यर्थ आहे. स्क्रूसोबत फुकट मिळणारी वाकडी ॲलन की दुकानात सुटे भाग जोडण्यापुरती ठीक. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे कडक टोकाचे सरळ ड्रायव्हर घ्यावेत आणि टोक गोल झाले की घासून किंवा बदलून टाकावे. इंची किल्ली मिलिमीटरच्या खाचेत चालवू नये. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिलिमीटर, आणि २.५ च्या खाचेत ती फिरून कोपरे खाते. प्रत्येक वेळी ड्रायव्हर घालण्याआधी खाचेतला चिखल सुईने उकरून काढावा.

सहावी पायरी: खरेदी करताना ओळख पटवणे

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सुटे स्क्रू मिळतात. तिथे ‘आरसीचा स्क्रू’ असे विचारण्याऐवजी पूर्ण माप सांगावे: ‘एम-थ्री बाय टेन, सीएसके ॲलन, बारा पॉइंट नऊ’. अनब्रेको हे एका उत्पादकाचे नाव असले तरी बाजारात ॲलन बोल्टला सर्रास तेच नाव चालते, म्हणून ‘अनब्रेको आहे’ एवढ्या उत्तराने समाधान मानू नये, दर्जा विचारावा. स्टेनलेसच्या बाबतीतही ‘एसएस आहे’ हे उत्तर अपुरे आहे. ‘दोनशे दोन’ या स्वस्त प्रकारात निकेल कमी आणि मँगनीज अधिक असते, आणि तो ‘तीनशे चार’पेक्षा लवकर डागाळतो.

अडचण अशी की दर्जाचा शिक्का ५ मिलिमीटर आणि त्यापुढच्या व्यासांवरच बंधनकारक आहे. एम३ च्या डोक्यावर काही लिहिलेले नसणे हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. म्हणून घरी दोन साध्या कसोट्या कराव्यात. चुंबक लावावा: कडक पोलाद ताडकन चिकटते, ए२ स्टेनलेस जवळजवळ चिकटत नाही, थंड ओढल्यामुळे किंचित आकर्षण दिसू शकते. त्यानंतर खात्रीच्या १२.९ स्क्रूच्या आणि नव्या स्क्रूच्या टोकावरून बारीक कानस एकाच दाबाने फिरवावी. नव्यावर ती सहज चावत असेल तर तो काळा रंग दिलेला साधा स्क्रू आहे असे समजावे.

टायटॅनियमचे स्क्रूही मिळतात. ते पोलादाच्या जवळपास ५६ टक्के वजनाचे असतात आणि गंजत नाहीत. पण ताकदीत १२.९ च्या खाली आणि किमतीत फार वर असल्याने, वजनाचा हिशेब करणाऱ्या स्पर्धकांपुरतेच त्यांचे प्रयोजन आहे.

सातवी पायरी: बसवणे

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना तो आधी हलकेच उलटा फिरवावा. जुन्या आट्याचे टोक सापडले की ‘टिक’ असा बारीक धक्का बोटांना जाणवतो; तिथून सुलटा फिरवला की स्क्रू जुन्याच आट्यांतून जातो. बॅटरीवरचा ड्रिल प्लास्टिकवर वेगाने चालवू नये, कारण घर्षणाच्या उष्णतेने आटे वितळतात.

धातूतल्या प्रत्येक जोडाला मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक लावावे. लॉकटाइटचे निळे २४३ एम३ पासून पुढे योग्य आहे, आणि अगदी लहान स्क्रूंना जांभळे, कमी ताकदीचे २२२ पुरते. लाल, कायमच्या ताकदीचे या गाड्यांत नको. आधी आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, कारण नव्या काळ्या स्क्रूंवर तेल असतेच. हे रसायन हवेपासून तुटल्यावर धातूच्या संपर्काने घट्ट होते, आणि स्टेनलेस त्याला फारशी चालना देत नाही. म्हणून स्टेनलेस वापरलेल्या जोडाला २४ तास द्यावेत, त्याच दुपारी गाडी मैदानात नेऊ नये. प्लास्टिकमध्ये थ्रेडलॉक घालू नये. तिथे ते नीट घट्ट होत नाहीच, उलट पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला तडे पाडते.

आवळण्याचा अंदाज हाताला लावून घ्यावा लागतो. पोलादात पोलाद असताना १२.९ चा एम३ साधारण २ न्यूटन-मीटर सहन करतो, ए२-७० चा त्याच्या निम्मे. ड्रायव्हरची मूठ पूर्ण पंजाने न धरता अंगठा आणि दोन बोटांनी फिरवली, तर स्टेनलेसला जपले जाते.

अडकलेला स्क्रू आढळला तर घाई करू नये. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने स्क्रूच्या डोक्याला अर्धा-एक मिनिट उष्णता द्यावी, म्हणजे थ्रेडलॉक मऊ होते. जवळ प्लास्टिक असेल तर वेळ कमी करावा. खाच गोल झाली असेल तर किंचित मोठे टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचे) टोक हलक्या हातोडीने आत ठोकून फिरवावे, नाहीतर रोटरी कटरने डोक्यावर आडवी चीर पाडून सपाट पेचकसाने काढावे. ड्रिल हा शेवटचा मार्ग आहे, कारण १२.९ चे पोलाद ड्रिलला दाद देत नाही आणि स्टेनलेस ड्रिल घासू लागले की जागीच अधिक कडक होत जाते.

सगळे बसवून झाल्यावर पहिली बॅटरी संपेपर्यंत गाडी पळवावी, घरी आणून मोटरचे, शॉकचे आणि पिनियनचे स्क्रू पुन्हा एकदा ड्रायव्हरने तपासावेत, आणि नोंदवहीतल्या त्या-त्या ओळीपुढे तारीख लिहून ठेवावी.